क्रूझवर रात्रीच्या जेवणाला काय घालायचं: मुरगावहून निघणाऱ्यांसाठी बॅगेचा सविस्तर हिशोब

मुरगाव बंदरातून क्रूझला निघणारी आपल्याकडची माणसं बॅग भरताना हमखास दोन टोकांना जातात. एका टोकाला 'सुट्टीवरच तर चाललोय, कोण बघतंय' म्हणत बर्म्युडा आणि रबरी चपला भरणारे. दुसऱ्या टोकाला जाहिरातीतले काळे कोट आणि पायघोळ गाऊन बघून धास्तावलेले. ते एका रात्रीसाठी मडगावला जाऊन टक्सिडो शिवायला टाकतात. पहिल्यांना डायनिंग रूमच्या दारात अडवतात आणि दुसऱ्यांचे पैसे पुढची दहा वर्षं कपाटात लटकत राहतात. साडी, सलवार-कमीज, बंद गळा, कुर्ता-जाकीट एवढ्या घरच्या कपड्यांवर जगातल्या बहुतेक क्रूझचं सगळ्यात थाटाचं जेवणसुद्धा निभावतं. फक्त कुठल्या रात्री कुठल्या दारातून आत जायचंय, ते बॅग भरण्याआधी माहीत हवं.

आधी बोट कुठली ते बघा

गोव्यात 'क्रूझ' म्हटलं की तीन वेगवेगळ्या गोष्टी डोळ्यासमोर येतात आणि तिन्हींचे कपडे वेगळे.

पहिली मांडवीतली. पणजीच्या सांता मोनिका जेटीवरून संध्याकाळी सुटणारी, तासाभराची फेरी. वर फुगडी, देखणी असे गोव्याचे नाच, मध्येच पर्यटकांना स्टेजवर बोलावून नाच. हिला ड्रेस कोड वगैरे काही नाही. जेवणासकटच्या फेऱ्याही असतात, त्यांनाही नाही. पाहुण्यांना घेऊन जाताना एवढंच सांगा की जेटीवरून बोटीत पाय टाकताना घसरत नाही अशी चप्पल घाला आणि लांब ओढणी आवरून धरा.

त्याच नदीत उभी असलेली कॅसिनोची जहाजं म्हणजे वेगळं प्रकरण. तिथे पुरुषांना हाफ पँट आणि रबरी चपलेवर आत सोडत नाहीत. फुल पँट, कॉलरचा शर्ट आणि बूट घातले की कुणी काही बोलत नाही. वयाची अट 21. गोवेकरांना 2020पासून तिथे खेळायला बंदीच आहे, तेव्हा हा परिच्छेद तुमच्या पुण्या-मुंबईच्या जावयांसाठी समजा.

दुसरी म्हणजे मुंबई-गोवा-लक्षद्वीप करणारी देशी क्रूझ. 2021मध्ये कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' या मार्गावर आलं. हे जहाज 1990मध्ये रॉयल कॅरिबियनसाठी 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने बांधलेलं. हे सांगतोय ते इतिहासाच्या हौसेने नव्हे. त्या काळच्या जहाजांच्या केबिनी आजच्या मानाने लहान आणि कपाटं त्याहून लहान. चार जणांचे कपडे एका अरुंद कपाटात मावायचे असतात, हे लक्षात ठेवून बॅग भरली तर पुढचे अर्धे वाद टळतात. या क्रूझवर बहुतांशी आपल्यासारखीच कुटुंबं असतात, वातावरण लग्नाच्या आदल्या संध्याकाळसारखं. नीटनेटकं पण सैल. सूट-टायची गरज पडत नाही.

तिसरी म्हणजे परदेशातली. सिंगापूर, दुबई किंवा युरोपातून सुटणारी. ड्रेस कोडची खरी भानगड इथेच, आणि तीही कंपनीगणिक बदलते. क्यूनार्डवर गाला, म्हणजे थाटाच्या रात्री अजूनही बो-टाय लावलेली माणसं खरोखर दिसतात. कार्निव्हलवर दोन ते पाच दिवसांच्या सफरीत एक आणि सहा दिवसांपासून पुढे दोन 'एलिगंट' रात्री. नॉर्वेजियनवर थाटमाट ज्याच्या त्याच्या मर्जीवर. वायकिंगच्या समुद्री जहाजांवर कोट-टायची सक्ती नाही. सेलिब्रिटीने जुनी फॉर्मल नाइट मोडून 'इव्हनिंग शिक' नावाची थोडी मोकळी व्यवस्था आणली. त्यामुळे 'माझा मावसभाऊ गेला होता, तो म्हणाला कोट लागतोच' या साक्षीवर विसंबू नका. मावसभाऊ कुठल्या कंपनीने गेला होता, ते आधी विचारा. मग आपल्या कंपनीच्या वेबसाइटवर 'व्हॉट टू वेअर' किंवा 'ड्रेस कोड' असं पान असतं, ते उघडून वाचा. नियम दर दोन-चार वर्षांनी ढिले होत चाललेत, म्हणून जुनी माहिती नेहमी गरजेपेक्षा कडक निघते.

एक जमाना होता, मुंबई-पणजी 'कोंकण सेवक' बोटीच्या डेकवर वळकटी पसरून माणसं झोपायची आणि जेवण म्हणजे घरून बांधून आणलेल्या पोळ्या. ड्रेस कोड असलाच तर डोक्याला मफलर. ते असो.

जेवायची जागा ठरवा, कपडे आपोआप ठरतील

मोठ्या जहाजावर रात्री जेवायला एकच जागा नसते, आणि प्रत्येक जागेचं तंत्र निराळं.

सगळ्यात मोकळा तो बुफे. बहुधा वरच्या डेकवर, पोहण्याच्या तलावाजवळ. तिथे हाफ पँट, टी-शर्ट, साधा कुर्ता काहीही चालतं. चालत नाही ते ओले पोहण्याचे कपडे आणि अनवाणी पाय. थाटाच्या रात्रीसुद्धा बुफे बहुतेक कंपन्यांच्या जहाजांवर आपल्या साध्या कपड्यांत चालू असतो. म्हणजे ज्याला सजायचं नाही तो उपाशी राहत नाही. क्यूनार्डसारख्या कडक घरातही न सजणाऱ्यांसाठी ठरावीक जागा मोकळ्या ठेवतात. ज्यांना ड्रेस कोडचं दडपण येतं त्यांना मी पहिल्यांदा हेच सांगतो, कारण निम्मी धास्ती इथेच उतरते.

मुख्य डायनिंग रूम म्हणजे टेबलावर पांढरं कापड, वेटर, तीन-चार कोर्स. ड्रेस कोड म्हणून जो काही असतो तो मुख्यतः या खोलीचा. तिकिटाच्या पैशातच हे जेवण धरलेलं असतं, तेव्हा निव्वळ कपड्यांच्या आळसापायी ते सोडून रोज बुफेच्या रांगेत उभं राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी जागा म्हणजे वेगळे पैसे भरून जायची खास रेस्टॉरंट्स: इटालियन, स्टेक, जपानी वगैरे. इथे साधारण डायनिंग रूमइतकंच किंवा किंचित जास्त नीट. पुरुषांना फुल पँट आणि कॉलर, बायकांना सलवार-कमीज किंवा हलकी साडी. आणि चौथी, अर्थातच, आपली केबिन. रूम सर्व्हिस मागवा, गाऊन घालून जेवा.

दारातली नजर

गोव्यात वाड्यागणिक एखादा तार्वटी, म्हणजे बोटीवर नोकरी केलेला माणूस, सापडतोच. क्रूझच्या डायनिंग रूममध्ये आयुष्याची कमाईची वर्षं घालवलेला आमचा एक शेजारी सांगतो की दारात उभ्या माणसाची नजर खालून वर जाते. आधी पाय, मग गुडघे, मग खांदे, शेवटी डोकं. रबरी चप्पल, उघडे गुडघे, पुरुषाने घातलेलं बिनबाह्यांचं बनियनछाप टी-शर्ट आणि टोपी, या चारांपैकी एक दिसलं की तो हसून बाजूला घेतो. मधल्या शर्टाचा रंग कुठला, साडी कितीची, ब्लाउजच्या बाह्या किती, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं.

रॉयल कॅरिबियनसारख्या बऱ्यापैकी मोकळ्या कंपनीतही मुख्य डायनिंग रूममध्ये पोहण्याचे कपडे, टोप्या आणि बनियनछाप टी-शर्ट चालत नाहीत. केबिनमधून निघताना आरशात हीच चौकशी खालून वर स्वतःच करून घ्या. बायकांच्या बाबतीत ही नजर बरीच सौम्य असते. बिनबाह्यांचं ब्लाउज, पुढून उघडे सँडल, गुडघ्यापर्यंतचा ड्रेस सगळं चालतं. अडतात ते बहुतेक वेळा पुरुष, आणि त्यातही 'गरम होतंय' म्हणणारे.

ड्रेस कोडचे शब्द आणि आपलं कपाट

कागदावर तीन शब्द फिरवून फिरवून येतात.

कॅज्युअल म्हणजे घरगुती नव्हे. पणजीत एखाद्या बऱ्या हॉटेलात वाढदिवसाचं जेवायला जाताना जे घालाल ते. न फाटलेली जीन्स, पोलो टी-शर्ट, लेगिंगवर कुर्ती, सुती साडी. सफरीच्या बहुतेक रात्री याच असतात.

स्मार्ट कॅज्युअल हा सर्वात गोंधळाचा शब्द. पुरुषांनी जीन्सऐवजी कापडी पँट, इस्त्रीचा शर्ट आणि पायात बूट घातले की झालं. कोट लागत नाही. लिननचा शर्ट दिसतो छान, पण लिफ्टमधून खाली उतरेपर्यंत चुरगळतो. बायकांसाठी चंदेरी किंवा माहेश्वरी साडी, अनारकली, नीटस ड्रेस. आपल्याकडची कुणबी साडी या रात्रीला फार शोभते. वेंडेल रॉड्रिग्ज यांनी तिचं विणकाम पुन्हा चलनात आणल्यापासून पणजीच्या बुटिकांत ती सहज मिळते. लाल-पांढऱ्या चौकड्यांची, अंगाला सुती. मात्र तिला खळ घालून नेऊ नका. समुद्रावरच्या दमट हवेत खळ पहिल्या तासातच ढेपाळते आणि साडी ना कडक ना मऊ अशी चिकटून बसते.

आणि तिसरा शब्द: फॉर्मल, गाला, एलिगंट, शिक, जी कंपनी जे म्हणेल ते. ही रात्र बहुधा अशा दिवशी ठेवतात जेव्हा जहाज दिवसभर समुद्रातच असतं, कारण बंदरात फिरून घामेजलेली माणसं सजायला तयार नसतात. त्याच रात्री कप्तान भेटतो, फोटोग्राफर जिन्याजवळ पडदा लावून उभा राहतो. आता या रात्रीकडेच जरा सविस्तर बघू.

थाटाची रात्र: बायकांचं

गाऊन विकत घेऊ नका. साडी ही औपचारिक पोशाखात सर्वत्र मान्य आहे. क्यूनार्डच्या नियमांत तर औपचारिक राष्ट्रीय पोशाखाला स्पष्ट जागा दिलेली आहे. नेसायची कुठली, ते मात्र थोडा विचार करून ठरवा.

पैठणी न्यावी का? न्यावी, पण एकच, आणि फार जड नको. जरीला समुद्राची खारट दमट हवा मानवत नाही आणि अत्तर तर त्याहून नाही. फवारा थेट पदरावर मारला की जर काळवंडते. अत्तर आधी अंगाला लावा, सुकू द्या, मग साडी नेसा. बॅगेत ठेवताना मलमलच्या किंवा जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात गुंडाळा आणि नेहमीच्या घडीवर घडी घालू नका, त्याच रेघेवर रेशीम चिरतं. डांबराच्या गोळ्या जरीला टेकतील अशा ठेवू नयेत. हे सगळं नको असेल तर जॉर्जेट किंवा क्रेपची, काठाला थोडं काम असलेली साडी घ्या. ती चुरगळत नाही, वजनाला हलकी आणि फोटोत पैठणीच्या बरोबरीने येते. खणाचं ब्लाउज घातलं की साध्या साडीलाही आपला चेहरा येतो.

आता खरी अडचण. आतल्या बाजूची केबिन म्हणजे साधारण दीडशे-पावणेदोनशे चौरस फूट, त्यात पलंग, सोफा आणि तुमच्या बॅगा. उभं राहून निऱ्या घालायला जागा उरते ती पलंग आणि टेबल यांच्या मधली चिंचोळी पट्टी. तिथे दोघी जणी एकाच वेळी साडी नेसू शकत नाहीत. म्हणून घरीच प्री-प्लीटिंग करून न्या. निऱ्या आणि पदर आधीच मोजून, इस्त्री करून, पिनांनी बांधून साडीची चौकोनी घडी करायची. आता पणजी-म्हापशात पार्लरवाल्या हे करून देतात, घरीही जमतं. इस्त्रीच्या टेबलावर पदराच्या पाच-सहा चुण्या एकसारख्या जुळवा आणि खांद्याच्या जागी पिन लावा. निऱ्या हाताच्या वितीएवढ्या घालून वर कमरेशी एक आणि खाली फॉलच्या वर एक अशा दोन पिना टोचा, मग इस्त्री दाबून फिरवा. खोचायचा पहिला फेरा मोकळा सोडायला विसरू नका. अशी साडी केबिनमध्ये पाच मिनिटांत अंगावर चढते.

नेसताना नेहमीपेक्षा अर्धा-पाऊण इंच वर नेसा. घरात साडी जमिनीला टेकलेली शोभते, पण जहाज हलतं, आणि डायनिंग रूमला जाताना जिने आणि उंबरे लागतात. जलरोधक दारांचे उंबरे आपल्या घरच्या उंबऱ्यापेक्षा उंच असतात. पदर मोकळा सोडू नका. आत ठीक आहे, पण जेवणानंतर डेकवर फोटो काढायला गेलात की वारा तो सरळ शेजारच्या काकांच्या तोंडावर नेऊन टाकतो.

शिवलेली नऊवारी हाही चांगला पर्याय आहे. पाय मोकळे राहतात, जिना चढताना काही सांभाळायचं नाही आणि परदेशी प्रवासी फोटोसाठी थांबवतात. ते आवडत नसेल तर मात्र घालू नका, कारण थांबवतातच.

दागिने थोडे. केबिनमध्ये लहान तिजोरी असते, तरी सोन्याचा हार आणि पाटल्या घेऊन समुद्रावर जाण्यात काय मजा आहे ते मला उमगलेलं नाही. मोत्यांची कुडी, नथ हौस असेल तर, आणि मंगळसूत्र. गजऱ्याची आवड असेल आणि मुरगावहून निघत असाल तर पणजी मार्केटातून अबोलीची फाती घ्या. जाई-मोगरा संध्याकाळपर्यंत मान टाकतो, अबोली चांगली टिकते. ओल्या रुमालात गुंडाळून, केबिनला फ्रिज असेल तर त्यात ठेवा.

थाटाची रात्र: पुरुषांचं

पुरुषांनी बंद गळ्याचा विचार आधी करावा. काळा, गडद निळा किंवा मरून. टाय नको, बो नको, आणि पोट सुटलेलं असेल तर सुटाच्या कोटापेक्षा बंद गळा जास्त उपकारक. काळी पँट, काळे बूट. दुसरा पर्याय कुर्ता-चुडीदारावर जाकीट. रेशमी किंवा रेशमासारखा कुर्ता, गुडघ्याच्या खाली जाणारा. सुती पायजम्यावर मात्र जाऊ नका, तो डायनिंग रूमच्या उजेडात झोपायचाच वाटतो. सूट आधीच असेल तर अर्थातच तो घाला. लग्नातला सूट असेल तर महिनाभर आधी अंगावर चढवून बघा. कोट होतो, पँट होत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे, आणि पँट सैल करायला शिंप्याला वेळ लागतो.

गोव्यात सूट नसणाऱ्यालाही अडचण नाही. लग्नांच्या निमित्ताने मडगाव, पणजी, म्हापशात सूट शिवणारे आणि भाड्याने देणारे पुष्कळ आहेत. फक्त डिसेंबर-जानेवारीत लग्नसराईने त्यांचे हात भरलेले असतात, तेव्हा वेळेत जा. टक्सिडो भाड्यानेच घ्यावा, आणि तोही क्यूनार्डची गाला रात्र असेल तरच. तिथेसुद्धा गडद सूट आणि टाय चालतो.

आता आपल्या हवेची एक खास अडचण. पश्चिम किनाऱ्यावरचा क्रूझचा हंगाम पावसानंतर, ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो. म्हणजे तुम्ही कपाटातून कोट काढता तो चार महिन्यांच्या ओलीनंतर. कॉलरखाली आणि काखेत पांढरट बुरशीचे ठिपके असतात, वास तर असतोच. आदल्या रात्री हे कळलं तर उपयोग नाही. दोन आठवडे आधी कोट बाहेर काढा, अंगणात उलटा करून कोवळं ऊन दाखवा, मऊ ब्रशने झाडा, मग ड्रायक्लीनला द्या. धुवून आल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत तसाच कोंडून ठेवला तर बुरशी परत येते. सुती कापडाची पिशवी बरी.

बुटांची त्याहून वाईट दशा. वर्षानुवर्षं न वापरलेल्या बुटांचे पॉलियुरेथेनचे तळ दमट हवेने आतल्या आत कुजतात. वरून बूट नवा कोरा, चमकदार. पायात घालून पन्नास पावलं चाललं की तळाचे काळे तुकडे भुकटीसारखे गळायला लागतात. डायनिंग रूमच्या गालिच्यावर असा काळा माग काढत जाणं कुणाच्याही नशिबी येऊ नये. बूट बॅगेत टाकण्यापूर्वी घरात अर्धा तास घालून फिरा, तळ अंगठ्याने दाबून वाकवून बघा.

पायात काय

बायकांनी पेन्सिल हील घरी ठेवावी. जहाज हललं की ती घात करते, डेकवरच्या फळ्यांच्या फटीत अडकते. रुंद टाचेचे किंवा वेज सँडल, मागे पट्टा असलेले, सगळ्यात उत्तम. कोल्हापुरी आत गालिच्यावर ठीक, पण ओल्या डेकवर तिचा चामडी तळ सटकतो आणि पाणी प्यायला की फुगतो. मोजडीचंही तेच. घालायचीच असेल तर निघण्यापूर्वी मोच्याकडून खाली पातळ रबर लावून घ्या. पुरुषांना एक काळा बंद बूट आणि दिवसाला एक साधा, एवढे दोन जोड पुरतात. बॅगेत सगळ्यात जास्त जागा खातात ते बूटच, म्हणून जड जोड प्रवासात पायातच घाला.

थंडी आणि वारा

गोव्याची माणसं क्रूझवर गरम होईल म्हणून कपडे भरतात आणि डायनिंग रूममध्ये कुडकुडतात. एसी मरणाचा असतो, आणि जेवण दीड-दोन तास चालतं. बायकांनी शाल किंवा स्टोल प्रत्येक साडीबरोबर धरायचाच. आजी-आजोबांसाठी बिनबाह्यांचा स्वेटर आतून, वरून जाकीट. एसीच्या झोताखालचं टेबल मिळालं तर वेटरला सांगून बदलून घ्या, संकोच करू नका.

इस्त्री, घड्या, कपाट

जहाजावर स्वतःची इस्त्री किंवा स्टीमर नेता येत नाही. आगीची भीती. बॅगा मशीनमधून जाताना तो सापडतो, काढून घेतात आणि उतरताना परत देतात. इस्त्री करून द्यायची सेवा बहुतेक जहाजांवर असते, नगावर पैसे. फॉर्मल रात्रीच्या दिवशी तिथे गर्दी होते, म्हणून कपडे आदल्या दिवशीच द्या.

नाहीतर घरगुती उपाय. पोहोचल्या पोहोचल्या कोट, कुर्ता, साडी बॅगेतून काढून टांगा. मग बाथरूममध्ये दार लावून गरम पाण्याचा शॉवर थोडा वेळ सोडा आणि कपडे पाण्यापासून दूर, वाफेत लटकवा. हलक्या चुण्या उतरतात. रेशमी आणि जरीचे कपडे यात घालायचे नाहीत.

हँगर मोजकेच मिळतात. चार-पाच घरून न्या. आणि एक गंमत: केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात, त्यावर चुंबकाचे हूक चिकटतात. असे सहा हूक नेले तर स्टोल, ओढण्या, उद्याचा शर्ट भिंतीला लागतो आणि कपाटावरून भांडण होत नाही.

किती घ्यायचं

दोन-तीन रात्रींच्या गोवा-मुंबई किंवा लक्षद्वीप सफरीसाठी पुरुषाला एक गडद पँट, दोन इस्त्रीचे शर्ट आणि एक कुर्ता-जाकीट. बाईला एक साडी, एक सलवार-कमीज किंवा ड्रेस आणि एक स्टोल. एवढंच. लक्षद्वीपच्या दिवशी लहान बोटींतून बेटावर ने-आण होते. परत येता येता कपडे खाऱ्या पाण्याने आणि वाळूने भरलेले असतात. त्या रात्री आंघोळीला रांग लागते हे धरून जेवणाची उशिराची वेळ मागा.

सात रात्रींच्या परदेशी सफरीला दोन थाटाच्या रात्री धरा. पुरुषाला बंद गळा एकच. पहिल्या रात्री काळ्या पँटवर, दुसऱ्या रात्री त्याऐवजी कुर्ता-जाकीट. बाकी दोन पँट आणि चार शर्ट फिरवून. बाईला एक भारी साडी, एक हलकी, दोन-तीन ड्रेस, आणि दोन वेगवेगळ्या रंगांच्या ओढण्या किंवा स्टोल. रोज त्याच टेबलावर तेच सहप्रवासी असले तरी तुम्ही काल काय घातलं होतं ते कुणाला आठवत नाही, त्यांना त्यांच्या कपड्यांची काळजी असते.

अनेक जहाजांवर एखादी पांढऱ्या कपड्यांची रात्र किंवा बॉलीवूड, रेट्रो अशी थीम ठेवतात. पांढरा कुर्ता प्रत्येकाच्या बॅगेत एक असू द्या; इतर वेळीही तो कामाला येतो. थीमचे वेगळे पोशाख विकत घेण्यात अर्थ नाही, त्यात भाग घेणं ऐच्छिकच असतं.

मुलांना कुणी अडवत नाही. मुलग्याला शर्ट-पँट, मुलीला फ्रॉक किंवा परकर-पोलकं. परकर-पोलक्यातल्या पोरीला वेटर आपणहून जास्तीचं आइस्क्रीम आणून देतात, हे बघितलेलं आहे. लहान मुलांसाठी मात्र जेवणाला जाताना जास्तीचा एक टी-शर्ट पर्समध्ये ठेवा.

पहिली आणि शेवटची रात्र

या दोन रात्री ड्रेस कोडच्या बाहेरच्या असतात, कारण बॅगा. बंदरावर तुमच्या मोठ्या बॅगा आधी घेतल्या जातात आणि केबिनच्या दारात त्या कधी कधी संध्याकाळ उलटल्यावर येतात. तोवर तुमच्याकडे हातातली पिशवीच. तेव्हा पहिल्या रात्रीचे जेवणाचे कपडे, औषधं, स्टोल आणि मुलांचा एक जोड हातातल्या पिशवीत ठेवा. सकाळी घरून निघतानाच नीट पँट आणि कॉलरचा शर्ट घातला असेल तर बॅग न येताही डायनिंग रूममध्ये जाता येतं.

रोज संध्याकाळी केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाचा छापील कार्यक्रम येतो किंवा जहाजाच्या ॲपवर दिसतो. त्यात त्या रात्रीचा ड्रेस कोड लिहिलेला असतो. आधी ठरलेल्या रात्री कधी कधी बदलतात, म्हणून तो रोज बघायचा.

शेवटच्या रात्री मोठ्या क्रूझवर बॅगा झोपण्यापूर्वी दाराबाहेर ठेवायला सांगतात. त्या तुम्हाला दुसऱ्या दिवशी बंदरावरच मिळतात. ही रात्र साधीच असते. सकाळी उतरताना घालायचेच कपडे घालून जेवायला जा, रात्री ते खुर्चीवर टाका. झोपायचे कपडे आणि चष्मा हातातल्या पिशवीत. आणि बॅगेची चेन लावण्यापूर्वी उद्याचे बूट बाहेर राहिलेत ना, ते बघून घ्या. अनवाणी उतरणारा एखादा प्रवासी दर फेरीला निघतोच, असं आमचा तार्वटी शेजारी सांगतो.